मदत हवी आहे: बगीच्यात शेड हवंय, निवेदन महापौरांना द्यायचं की पार्षदाला (नगरसेवकाला)? (इंदूर)

नमस्कार मंडळी, मी इंदूरची, सुदामा नगरच्या बाजूला राहते. आमच्या कॉलनीत एक बगीचा आहे, सकाळी तिथे योगाची मंडळी असतात आणि संध्याकाळी आमचे मराठी मंडळाचे आजी-आजोबा पेपर वाचत, गप्पा मारत बसतात. तर सगळ्यांचं म्हणणं असं की तिथे एक शेड, खाली पक्का ओटला आणि दोन लाईट एवढं निगमाकडून (महानगरपालिकेकडून) करून घ्यावं. कुणाबद्दल तक्रार वगैरे काही नाहीये, बगीचा चांगला आहे, नुसती मागणी आहे.

आता गंमत अशी की निवेदन लिहून तयार आहे, सह्या पण झाल्यात, पण वर "प्रति" मध्ये कोणाचं नाव घालायचं यावरच मंडळात चर्चा चालून राहिलीय. आमचे एक काका म्हणतात थेट महापौरांची वेळ घ्या, शाल-श्रीफळ द्या, फोटो काढा, काम झालंच समजा. दुसरे म्हणतात पार्षदाला डावलून वर गेलो तर तो रुसेल आणि मग पाच वर्षं आपल्याकडे बघणार पण नाही. त्यात माझ्या पुण्याच्या मावशीनं फोनवर आणखी गोंधळ घातला, तिच्या मते महापौर म्हणजे लग्नातला वरबाप, मान सगळ्यात पहिला पण स्वयंपाकघरात कोणी विचारत नाही, खरं काम आयुक्ताकडे. आणि बडोद्याचे भावजी म्हणाले की स्टँडिंग कमिटीच्या चेअरमनला धरा, बाकी सगळं सोडा. पण आमच्याकडे स्टँडिंग कमिटी आहे का, मला तर कधी ऐकल्याचं आठवत नाही.

मला एवढं कळतं की 2022 मध्ये आम्ही मशीनवर दोन मतं दिली होती, एक महापौराला आणि एक पार्षदाला. म्हणजे महापौर आपण निवडलाय, मग त्याच्या हातात काहीतरी असेलच ना? की ते पण पुण्यासारखंच? कोणी निगमाचं काम जवळून पाहिलं असेल तर नीट समजावून सांगा प्लीज, मंडळाची पुढची मीटिंग रविवारी आहे.

रामबागवाला:
ताई, मावशी पुण्यापुरतं बरोबर बोलतायत, पण ते इथे लागू नाही. महाराष्ट्रात महापौर नगरसेवकांतून निवडतात, अडीच वर्षांसाठी, आणि कारभाराचे अधिकार कायद्यानं आयुक्ताकडे. मध्य प्रदेशात आपला 1956 चा वेगळा कायदा आहे आणि इथे महापौर परिषद असते, जिला सगळे एमआयसी म्हणतात. महापौर स्वतः पार्षदांमधून जास्तीत जास्त दहा जण निवडतो, एकेकाला एकेक खातं, जलकार्य, राजस्व, उद्यान वगैरे, थोडक्यात छोटं मंत्रिमंडळच. म्हणून इथे महापौर नुसता फीत कापायला नाहीये. तरी आयुक्त सरकारनं पाठवलेला अधिकारी, फाईल त्याच्या टेबलावरून गेल्याशिवाय पैसा सुटत नाही. आणि कामाची रक्कम जशी वाढते तशी मंजुरी वर सरकते, आयुक्त, मग महापौर, मग एमआयसी, मग पूर्ण परिषद, म्हणजे सगळे पार्षद. तुमचं शेड परिषदेपर्यंत जाण्याएवढं मोठं नाहीच.

आता काकांचा फोटो. महापौर निवेदन घेतात तेव्हा होतं काय, की कोपऱ्यात पेनानं "आयुक्त, नियमानुसार कार्यवाही करें" असं काहीतरी लिहिलं जातं आणि कागद खाली यायला लागतो, आयुक्त, उद्यान शाखा, झोन, आणि शेवटी त्याच उपयंत्रीकडे (सब-इंजिनिअरकडे) येऊन थांबतो ज्याला पार्षदानं पहिल्याच दिवशी साईटवर आणून उभं केलं असतं. मोजमाप तोच घेणार, एस्टिमेट तोच बनवणार. म्हणून "प्रति" मध्ये पार्षद, आणि खाली प्रतिलिपी महापौर, उद्यानाचे एमआयसी प्रभारी आणि झोनल अधिकारी. कुणी रुसत नाही. प्रत्येक प्रतीवर आवक नंबर मात्र घ्या, तो नसेल तर नंतर काय विचारणार?

पोहे_जलेबी:
वरच्या भियांनी बरोबर सांगितलंय पण एक गोष्ट राहिली, आधी बगीचा कुणाचा आहे ते बघा!! आपल्याकडे अर्ध्या कॉलन्या गृहनिर्माण संस्थांच्या, काही आयडीएच्या (इंदूर विकास प्राधिकरणाच्या) स्कीम, काही खाजगी कॉलनायझरच्या. कॉलनी निगमाला हस्तांतरित झालेली नसेल तर पार्षद काय आणि महापौर काय, निगम तिथे पैसा लावणार कसा? विकास प्राधिकरण महापौरांच्या हाताखाली येत नाही, त्याचा कारभार वेगळा. झोन ऑफिसमध्ये विचारलं तर सांगतात. आणि निगमाच्या 311 ॲपवर किंवा सीएम हेल्पलाईन 181 वर टाकू नका हे, ते कचरा, लाईट बंद असल्या तक्रारींसाठी आहे, नवीन कामाची मागणी तिथे टाकली तर नुसती बंद होते.

ग्वाल्हेरकर:
आमच्याकडची गोष्ट सांगतो, महापौर थेट निवडण्यात काय होतं ते कळेल. 2022 ला ग्वाल्हेरमध्ये महापौर काँग्रेसच्या आल्या आणि परिषदेत बहुमत भाजपाचं. एमआयसी महापौरांची, सभापती दुसऱ्या पक्षाचा, आणि परिषदेची बैठक चालवणार सभापती. बजेट परिषदेतूनच पास व्हायचं ना, मग लोकांनी निवडून दिलेल्या महापौरालाही तिथे सगळ्यांचं ऐकावं लागतं. तुमच्याकडे दोन्ही एकाच पक्षाचे आहेत म्हणून हा भाग दिसत नाही एवढंच. बाकी 2019 च्या शेवटी तर सरकारनं थेट निवड बंदच केली होती, निवडणुका लांबल्या आणि 2022 मध्ये पुन्हा थेट आली, त्यामुळे आपण दोन मतं दिली हे पण नशीबच म्हणा.

छोट्या कामाला पार्षद निधी बघा. आमच्या मोहल्ल्यातला ओटला त्यातूनच झाला. नाहीतर आमदार निधी, तिथे महापौरांचा संबंधच नाही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार, रामबागवाले दादा तुमचं वाचून काकांना फॉरवर्ड केलं, ते म्हणाले फोटो तरीही काढायचाच 😄 ठीके, प्रतिलिपी द्यायला जाऊ तेव्हा काढतील.

झोनवर जाऊन विचारलं, कॉलनी संस्थेची होती पण हस्तांतरण झालेलं आहे, बगीचा निगमाच्या यादीत आहे. आता एकच विचारायचंय, शेडचा अंदाजे नकाशा आणि खर्च आपण आधीच कोणा इंजिनिअरकडून करून जोडावा का, की उपयंत्री स्वतःचंच करतो आणि आपला कागद बाजूला ठेवतो? मंडळात एक रिटायर्ड पीडब्ल्यूडीवाले आजोबा आहेत, ते फुकट करून देतो म्हणून मागे लागलेत आणि त्यांच्या नकाशात स्टेज पण आहे.

रामबागवाला:
जोडा, पण नकाशा नको, नुसती लांबी-रुंदी आणि जागेचे दोन फोटो द्या. स्टेज काढून टाका, स्टेज म्हटलं की खर्च चढतो आणि पार्षद निधीतून काम बसत नाही. आजोबांना सांगा उपयंत्री साईटवर येईल तेव्हा तुम्ही हजर राहा, ती मदत जास्त मोठी आहे.