आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर उबुंटू: ड्युअल बूट की व्हर्च्युअल मशीन?

मेधाताई: भाचीचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष सुरू झालंय, लॅबमध्ये सगळं उबुंटूवर, म्हणजे एका लिनक्स सिस्टिमवर आहे आणि तिच्या लॅपटॉपवर विंडोज ११. आठ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी. माझं स्पष्ट मत, ड्युअल बूट करावं, म्हणजे दोन्ही सिस्टिम लॅपटॉपवर ठेवायच्या आणि सुरू करताना एक निवडायची. विंडोज चालू केल्या केल्या साडेतीन-चार जीबी खाऊन बसतं, त्यात व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आतच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, चालवणारं सॉफ्टवेअर) उबुंटूचा डेस्कटॉप उघडला की दोघंही उपाशी, माउस हलवला तरी अडखळतो. ड्युअल बूटमध्ये पूर्ण रॅम, पूर्ण प्रोसेसर एकाच सिस्टिमला मिळतो, आणि ग्रब या सुरुवातीच्या मेनूच्या काळ्या स्क्रीनवर कुठं जायचं ते निवडायचं, बस्स.

कोडकरी: ताई, सेमिस्टर चालू असताना हे करू नका, कळकळीनं सांगतोय. माझ्या धाकट्या भावाला एका दुकानदारानं डिस्कचं पार्टिशन (वाटणी) करून दिलं, बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, चालू आहे का ते बघितलंच नाही, दुसऱ्या दिवशी सबमिशन आणि स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागतोय. ती की कुठल्या अकाउंटला सेव्ह झाली ते शोधण्यात रात्र गेली, घरात कोणी झोपलं नाही. आणि सगळं नीट करूनही फटका बसतो, ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर कितीतरी ड्युअल बूट मशीनवर लिनक्स सुरूच होईना, कारण सिक्युअर बूटमध्ये (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) जुने बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करणारे प्रोग्राम, बाद केले गेले होते. व्हर्च्युअल मशीनला यातलं काही नाही. स्नॅपशॉट घ्या, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जतन करा, बिघडलं की दोन मिनिटांत मागे या. रॅमचं म्हणाल तर डेस्कटॉप हवाय कशाला? उबुंटू सर्व्हर टाका, एक-दोन जीबीत चालतो, व्हीएस कोड या एडिटरमधून एसएसएचनं (दुसऱ्या मशीनला सुरक्षितपणे जोडायची पद्धत) जोडा.

नाशिकचा_पक्या: दोघंही डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय, विसरलात की. टर्मिनलमध्ये एक कमांड, एक रीस्टार्ट, उबुंटू तयार. डब्ल्यूएसएल २ मध्ये खरा लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, असतो. जीसीसी कंपायलर, पायथन, शेल स्क्रिप्ट, सगळं मी रोज त्यावरच करतो. एवढंच की फाइली उबुंटूच्या होम फोल्डरमध्येच ठेवायच्या, सी ड्राइव्हवर ठेवून प्रोजेक्ट बिल्ड केला तर फार हळू होतं.

मेधाताई: पक्या, काम होईल रे, पण शिकणं? पोरगी ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय घेऊन बसलीय, बूटलोडर म्हणजे काय, बूटलोडर ठेवायचं ईएफआय पार्टिशन कुठं असतं, हे तिनं आपल्या हातानं बघायला नको का? मी केलं तेव्हा उबुंटूत जाऊन आले की विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. त्या एका घोळातून जे कळलं ते पुस्तकातून कळलं नसतं.

कोडकरी: शिकण्याचंच म्हणाल तर पार्टिशन व्हर्च्युअल डिस्कवरही करता येतं, तिथं दहा वेळा मोडा. कर्नल मॉड्यूलचं (कर्नलला जोडायच्या कोडचं) प्रॅक्टिकल आलं आणि कर्नल पॅनिक होऊन सिस्टिम ठप्प झाली तर ती खिडकी बंद करून परत उघडायची, खालचा लॅपटॉप शाबूत. खऱ्या मशीनवर एक्स्ट ४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममधल्या फाइली अर्धवट राहायची भीती असते. हा मुद्दा तुम्ही मान्य कराच.

मेधाताई: मान्य. मॉड्यूलसाठी व्हर्च्युअल मशीनच बरं. पण रोजच्या वापराला नाही, आठ जीबीत नाही.

सातारकर: मधला रस्ता सांगतो. मागचं झाकण उघडून बघा, एसएसडी बसवायचा दुसरा एम.२ स्लॉट रिकामा असेल तर त्यात वेगळी एसएसडी टाका, आणि उबुंटूचं बूटलोडरही त्याच डिस्कवर जाईल असं बघा. विंडोजच्या डिस्कला हातच लावायचा नाही. आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप आठवणीनं बंद करा, ते चालू असलं की शट डाऊन केलं तरी विंडोज पूर्ण बंद न होता अर्धं हायबरनेट होतं, मग त्याची पार्टिशन लिनक्समधून फक्त वाचता येते, लिहिता येत नाही.

मेधाताई: आत्ताच उघडून बघितलं. स्लॉट आहे, रिकामा आहे, स्क्रूसुद्धा जागेवर आहे! दिवाळीच्या सुट्टीत बसवू. तोवर कोडकरी म्हणतात तसा सर्व्हर, आणि बिटलॉकरची की भाचीनं वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतलीय, दोनदा ताडून.