८० टक्क्यांवर चार्जर काढा म्हणणाऱ्यांनी आठ दिवस येळ्ळूरला राहून दाखवावं

येळ्ळूरकर

गेल्या आठवड्यात नवा फोन घेतला. दुकानातल्या पोरानं डबा फोडायच्या आधीच पथ्यं सांगितली. वीसच्या खाली उतरू देऊ नका, ऐंशीच्या वर चढवू नका, रात्री लावून झोपू नका. घरी आलो तर भाचा तेच. बाळंतिणीलासुद्धा एवढी पथ्यं नसतात.

माझा हिशोब साधा आहे. ५००० एमएएचचे पैसे मोजले. खालचे वीस सोडायचे, वरचे वीस सोडायचे, म्हणजे हातात राहिले ३०००. बॅटरी म्हातारी झाली की ८० टक्के उरते म्हणतात. ती म्हातारी होऊ नये म्हणून मी पहिल्याच दिवसापासून ६० टक्क्यांवर दिवस काढायचे? हे म्हणजे झिजतील म्हणून चपला काखोटीला मारून चालण्यासारखं झालं.

आणि ही पथ्यं त्यांना, ज्यांच्या घरात करंट चोवीस तास असतो. आमच्याकडे, बेळगावजवळच्या येळ्ळूरला, वळीव सुरू झाला की एक फांदी पडते आणि अख्खी गल्ली अंधारात. उद्यमबागेतल्या शिफ्टवरून रात्री येतो, फोन लावतो, झोपतो. सकाळी १०० दिसलं की बरं वाटतं. आमच्या आबांचा फोन चार वर्षं रोज रात्रभर चार्जरला आहे, तोही उशीखाली. अजून कीर्तन ऐकतात. काय झालं नाही.

पटत नसेल तर सांगा, खरं कारण सांगा. नुसतं ‘असं म्हणतात’ नको.

व्होल्टमीटर

कारण सांगतो. तुमच्याच गावचं उदाहरण घेऊ. पोत्यात भात भरताना पहिलं पाऊण पोतं कसं भरतं? ओतलं की झालं. शेवटच्या दोन पायल्या मात्र पोतं आपटून, गुडघ्यानं दाबून घालाव्या लागतात आणि शिवण ताणते. फोनच्या बॅटरीतल्या लिथियम-आयन सेलचं तसंच. सुरुवातीला चार्जर भराभर करंट ढकलतो, ऐंशीच्या आसपास हात आखडता घेतो. म्हणून शेवटचे वीस टक्के रेंगाळतात.

पूर्वी पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा असायचा, आताच्या फोनांत ४.४ च्या वर जातो. एवढ्या दाबाखाली आतलं रसायन हळूहळू बिघडतं, आतल्या ग्रॅफाइटच्या पट्टीवर जमणारा थर जाड होतो आणि कामाचं लिथियम त्यात अडकून पडतं. १०० ला पोहोचणं हा गुन्हा नाही. १०० वर तासन्‌तास बसून राहणं महाग पडतं. तुम्ही अकराला लावता, साडेबाराला भरतो, उठता सहाला. साडेपाच तास पोतं ताणलेलं.

‘ओव्हरचार्ज’ मात्र होत नाही, ती भीती काढून टाका. भरलं की फोन स्वतः थांबतो.

निवृत्त मास्तर, निपाणी

आम्ही पहिला मोबाईल घेतला तेव्हा दुकानदारानं बजावलं होतं, पहिल्यांदा आठ तास चार्ज करा आणि महिन्यातून एकदा पूर्ण उतरवा, नाहीतर बॅटरीला सवय लागते. मी आजही उतरवतो. रात्री लावून ठेवत नाही, वीज फुकट जाते. हल्लीच्या मुलांना शिस्त नाही, मग बॅटरीला कुठून येणार?

व्होल्टमीटर

सर, ती सवय जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीची. लिथियम-आयन १९९१ साली सोनीनं बाजारात आणली. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिच्या तीन जनकांना मिळालं. हिला तसली सवय लागत नाही. उलट दरवेळी शून्यावर नेणं हिला सोसत नाही. चार-सहा महिन्यांतून एकदा उतरवून भरली तर टक्के दाखवणारा आकडा जाग्यावर येतो, एवढाच उपयोग. आणि विजेचं म्हणाल तर एका युनिटमध्ये असा ५००० चा फोन चाळीसएक वेळा भरतो.

निवृत्त मास्तर, निपाणी

म्हणजे आम्ही जुने आणि आमचं शास्त्रही जुनं. बरं. यंदा उतरवत नाही, बघतो.

डिस्प्लेवाला

टक्क्यांवरून भांडालेत सगळे आणि खरा चोर मागच्या दारानं चाललाय. खडेबाजारात बारा वर्षं फोन उघडालोय. माझ्याकडे फुगलेल्या बॅटऱ्या येतात त्या ऐंशी-शंभरवाल्यांच्या नसतात ओ. त्या उन्हातल्या असतात.

मे महिन्यात एक पार्सलवाला पोरगा आला होता. हँडलला फोन अडकवलेला, नकाशा चालू, ब्राइटनेस फुल्ल, गाडीवरूनच चार्जिंग, वर टळटळीत ऊन. मागचं झाकण तापवून सोडवलं तर बॅटरी उशीसारखी टचटचीत. कडेनं गोडसर, नेलपॉलिशसारखा वास यायला लागला. तसा वास आला की मी हातातलं सगळं ठेवतो आणि बॅटरी उचलून बाहेर वाळूच्या डब्यात. टक्के किती ठेवायचास, विचारलंसुद्धा नाही.

कारच्या काचेमागं फोन, स्वयंपाकघरात कुकरशेजारी फोन, जाड कव्हरात नोटा कोंबून वर फास्ट चार्जर, हे सगळं त्यातलंच. तापला म्हणून फ्रीजमध्ये घालणारेही आहेत. तसलं करू नका, आत ओल धरते. कव्हर काढा, सावलीत पंख्याखाली ठेवा, झालं.

अथणीचा ऊस

शंभर टक्के सहमत (ऐंशी नव्हे). बेळगावकर गरिबांच्या महाबळेश्वरात बसून बॅटरीवर चर्चा करतात. एप्रिलात इकडे या. दुपारी फडावर फोन खिशातून काढला की स्क्रीनवर पाटी : ‘फोन थंड होऊ द्या.’ मी मनात म्हणतो, आधी मला होऊ दे.

व्होल्टमीटर

डिस्प्लेवाल्यांचा मुद्दा बरोबर आहे, खरं दोन्ही चोर जोडीनं येतात. बॅटरीवाल्यांत एक कोष्टक प्रसिद्ध आहे. सेल न वापरता वर्षभर ठेवला, ४० टक्के भरून आणि २५ अंशांत, तर क्षमता ९६ टक्के राहते. पूर्ण भरून २५ अंशांत ठेवला तर ८०. पूर्ण भरून ४० अंशांत ठेवला तर ६५. बघा, भरलेपणा एकटा काही खातो, उष्णता एकटी काही खाते, दोघं भेटले की विचारू नका. येळ्ळूरकर, तुमच्या आबांच्या उशीखाली दोघं रोज रात्री भेटतात.

येळ्ळूरकर

आबांना मध्ये घेऊ नका. 😀

उन्हाचं पटलं. ते डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं. टक्क्यांचं पटत नाही. बॅटरी बदलायला मला दीड हजार सांगितलेत. तीन वर्षं रोज उठून ऐंशी झाले का बघायची मजुरी काढली तर दीड हजारात परवडते का सांगा. फोन माझ्यासाठी आहे की मी फोनसाठी?

शहापूरची सून

मजुरी कशाला? सेटिंगमध्ये बॅटरीत जा, बहुतेक नव्या फोनांत चार्जिंगची मर्यादा ठरवता येते. आयफोनमध्येही २०२३ च्या ‘आयफोन १५’ पासून ८० चा पर्याय आहे. एकदा लावून विसरून जायचं. गावाला निघायच्या आदल्या रात्री काढायचं, शंभर भरायचं, परत लावायचं. मी घरून काम करते, दिवसभर चार्जर हाताशी असतो, मला ऐंशी पुरतात. ज्यांना पुरत नाहीत त्यांनी शंभर भरावेत, त्यात अपराधी वाटण्यासारखं काय आहे?

पण रात्रभर ऐंशीवर थांबलेला फोन आणि रात्रभर शंभरवर तापत पडलेला फोन, यात फुकटात पहिला मिळत असेल तर नाही का म्हणायचं?

(अवांतर : पुण्याहून येऊन सात वर्षं झाली, तरी ‘खरं’ म्हणजे ‘पण’ हे अजून वाचताना अडखळायला होतं. वरचा ‘खरं कारण सांगा’ तीनदा वाचला.)

येळ्ळूरकर

तिथं दोन्ही अर्थ चालतात ताई.

चोर्ला घाट

तुम्ही सगळे टॉवरखाली राहणारे. मी भाजीचा टेम्पो घेऊन आठवड्यातून चारदा गोव्याला जातो. बेळगावात शंभर भरून निघालेला फोन जांबोटीपर्यंत पंच्याण्णव असतो. कणकुंबी सोडली आणि घाट उतरून साखळीला लागेपर्यंत सत्तर. काही न करता, खिशात ठेवून. रेंज नसली की फोन टॉवर शोधत फिरतो, टॉवर लांब असला की जोर लावून बोलतो, त्यात बॅटरी जाते. हे ऐंशी-शंभरवालं कुणी सांगत नाही.

मी काय करतो, जांबोटीला चहा घेतला की विमान मोड. नकाशा आधीच उतरवून ठेवलेला असतो, जीपीएस विमान मोडवरही चालतं. खाली उतरल्यावर काढतो. परत येईपर्यंत चार्जरची आठवणसुद्धा येत नाही. चंदगडकडे जाताना तर आणि मजा. बाची ओलांडून शिनोळी आली की फोन कर्नाटकाचा टॉवर सोडून महाराष्ट्राचा धरतो, वळण घेतलं की परत कर्नाटकाचा. आमच्या फोनलासुद्धा सीमाप्रश्न आहे.

अथणीचा ऊस

तो इथं सुरू केलात तर धागा बंद होईल. बॅटरीवर राहू.

व्होल्टमीटर

घाटवाल्यांचं शंभर नंबरी. फक्त दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. आजचा दिवस जाणं वेगळं आणि बॅटरी तीन वर्षं टिकणं वेगळं. तरी धागेदोरे जुळतात. रोज कमी खर्च झाला तर चार्जच्या फेऱ्या कमी. १०० टक्के वापरले की एक फेरी, मग ते एका दमात असोत की पन्नास-पन्नास करून दोन दिवसांत. पूर्वी ५०० फेऱ्यांनंतर ८० टक्के उरली की कंपन्या समाधानी असायच्या. युरोपात जून २०२५ पासून नव्या फोनांना ८०० फेऱ्यांनंतर निदान ८० टक्के राखणं बंधनकारक आहे. म्हणजे बॅटऱ्याही सुधारताहेत. तेवढं येळ्ळूरकरांच्या बाजूनं मान्य.

ज्यांच्याकडे रेंज धड नाही त्यांनी फाइव्ह-जी बंद करून फोर-जीवर ठेवून बघावं, बऱ्याच ठिकाणी फरक पडतो.

निवृत्त मास्तर, निपाणी

नातीनं माझा स्क्रीन काळा करून दिला आहे. बॅटरी वाचते म्हणे. डोळ्यांना मात्र सुतकासारखं वाटतं.

शहापूरची सून

काका, ओएलईडी स्क्रीन असेल तरच वाचते, कारण तिथं काळा भाग खरोखर विझलेला असतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं २०२१ मध्ये मोजलं होतं. ब्राइटनेस पूर्ण असेल तर ३९ ते ४७ टक्के बचत, नेहमीच्या घरातल्या ३०-५० टक्के ब्राइटनेसला मात्र फक्त ३ ते ९. तुम्ही घरातच वाचता ना? पांढरा करा खुशाल.

डिस्प्लेवाला

येळ्ळूरकर, दीड हजारात बदलून मिळते होय. खरं बॅटरी कुठली घालतात ते विचारलंत काय? प्रत्येक मॉडेलची अस्सल मिळत नाही. आणि झाकण एकदा सोडवलं की पाणी अडवणारा कंपनीचा गोंद गेला. मी नवा लावतो, तरी पहिल्यासारखी खात्री देत नाही. पावसाळ्यात इकडं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा दीड हजाराचा हिशोब तेवढा सोपा धरू नका. माझंच गिऱ्हाईक कमी करालोय बघा.

आणि एक. आबांचा फोन चार वर्षं उशीखाली म्हणालात. कव्हर काढून शेवटचं कधी बघितलंत?

येळ्ळूरकर

कव्हर निघत नाही म्हणून आबा ओरडतात. घट्ट बसलंय.

डिस्प्लेवाला

घट्ट होतं का घेतानापासून? काढा हळू. मग टेबलावर पालथा नाही, पाठीवर ठेवा आणि एका कोपऱ्याला बोटानं ढकला. सपाट असेल तर सरकेल. गिरकी घेतली तर मला सांगा.

येळ्ळूरकर

शिफ्टवरून आता आलो. आबा झोपलेत, उशीखालून काढला. कोमट लागला हाताला. कव्हर काढायला चमचा लावावा लागला.

गिरकी घेतोय. भोवऱ्यासारखा नाही, खरं अर्धा फेरा फिरला. एका कडेला स्क्रीन उचललाय, आत निळसर उजेड दिसतोय.

डिस्प्लेवाला

बंद करा. आता चार्जरला लावू नका, कितीही टक्के असू देत. वरून दाबून बसवायला जाऊ नका, टोचू नका, तांदळात घालू नका. स्टीलच्या डब्यात घालून झाकण न लावता फरशीवर ठेवा, पडदा-गादीपासून लांब. सकाळी आणा. अकराला उघडतो, तुमच्यासाठी दहाला येतो.

येळ्ळूरकर

बंद केला. पिठाच्या रिकाम्या डब्यात घालून पडवीत ठेवलाय. पहिल्या बसनं निघतो. आबा पाचला उठून कीर्तन शोधतील, त्यांना काय सांगायचं ते बघतो.

टक्क्यांचं मला अजून पटलेलं नाही. माझा फोन आत्ता ४३ वर आहे, टेबलावर लावलाय, उशीखाली नाही. ताई, ती मर्यादेची सेटिंग नेमकी कुठं असते?