फोटोग्राफर मंडळी, पैशापलीकडे या कामात काय मिळालं? अनुभव सांगा

सीझन संपलाय, हार्ड डिस्का भरल्यात, आता निवांत बोलता येईल. आपण भेटलो की लेन्स, पॅकेज, अल्बमचे रेट एवढंच बोलतो. आज ते बाजूला ठेवूया आणि या कामानं तुम्हाला काय दिलं ते सांगा. पोर्ट्रेट, लग्न, मुंज, बारसं, गॅदरिंग काहीही चालेल. सुरुवात मी करते.

मी पुण्यात लग्नं करते. आपल्याकडे बऱ्याच घरांत पद्धत आहे की मंगलाष्टकं चालू असताना नवरीची आई तिथे थांबत नाही, बाजूला जाऊन तुळशीला पाणी घालते. म्हणजे जिनं एवढे दिवस धावपळ केली तिलाच अंतरपाट खाली येतानाचं काही दिसत नाही. आणि तसं नीट दिसतं तरी कुणाला, पाहुणे लांबून अक्षता टाकत असतात, मामा मागे उभे, गुरुजींचं लक्ष मुहूर्ताकडे. अंतरपाटाच्या कडेला दोघांचे चेहरे एकदम दिसतील अशी जागा फक्त आपली! शेवटचं मंगलाष्टक आलं की मी शटर स्पीड वाढवून ठेवते म्हणजे अक्षता हवेत थांबलेल्या येतात. हार घालून झाले की सोबतच्या मुलाला स्टेज सांभाळायला सांगून मी आधी आईला शोधते आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तो फोटो दाखवते. काहीजणी नुसत्या बघत राहतात, काही "परत दाखव गं" म्हणतात. एका काकूंनी तर स्क्रीनवरूनच लेकीची दृष्ट काढली, कडाकडा बोटं मोडली. त्या एका मिनिटासाठी मी दिवसभर उभी राहू शकते, खरंच सांगते.

सांगली, स्टुडिओ

वडिलांचा स्टुडिओ, आता मी बघतो. आमचं रोजचं काम म्हणजे पासपोर्ट साइज. लोकांना वाटतं त्यात काय एवढं. पण खेड्यातनं येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा कित्येकदा तो एकच नीट फोटो असतोय, पेन्शनच्या नाहीतर बँकेच्या कामाला काढलेला, आणि माणूस गेलं की घरचे तोच घेऊन येतात, मोठा करून द्या, हार घालायचाय. साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटरमधला तो ताठ मानेचा, घाबरलेला चेहरा! म्हणून वडिलांनी सवय लावून घेतली होती, कामाचा फोटो झाला की म्हणायचे आता बसा निवांत, मग पाऊसपाणी, ऊस, नातवंडं असं विचारत विचारत अजून एखाददुसरा काढायचे, त्याचे पैसे नाही घ्यायचे. रोलचे दिवस, 36 फोटोंचा रोल, त्यातला एक असा देणं सोपं नव्हतं पण दिला. निगेटिव्ह गावाच्या नावानं डब्यात ठेवलेत, अजून आहेत. मागे तासगावकडची बहीणभाऊ आली, आईचा फोटो कुठंच नाही म्हणाली. डब्यातनं शोधून काढला, पदर डोक्यावर आणि तोंडभर हसू. बहीण म्हणाली, आईच्या दातात फट होती हे मी विसरूनच गेले होते. वडिलांना घरी जाऊन सांगितलं तर म्हणाले बाकीचे डबे पण स्कॅन करून घे. तेच चाललंय आता, रोज रात्री थोडं थोडं.

ठाणे, फक्त पोर्ट्रेट

गौतम राजाध्यक्षांनी काढलेले नटनट्यांचे चेहरे बघत मी या कामाकडे वळले. मला मात्र नटी नाही, शेजारची बाई तशी बघायची होती. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊजणी दारातच सांगतात, मी फोटोत चांगली येत नाही. मी त्यांना समजावते की हा दोष तुमचा नाही. मोबाईलची लेन्स वाइड असते, सेल्फी हातभर अंतरावरून, त्यामुळे पुढे असलेलं नाक मोठं दिसतं आणि कान मागे जातात. 85 एमएमची लेन्स लावून मी सात-आठ फूट मागे सरकते, बाजूच्या खिडकीचा उजेड घेते, दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल धरते, बस. एवढ्यानं चेहरा आपल्या माणसांना रोज दिसतो तसा येतो. एकजण साठीशांतीच्या आधी आल्या होत्या, आयुष्यभर घरातले सगळे फोटो त्यांनीच काढलेले त्यामुळे त्या स्वतः कुठेच नाहीत. फोटो बघून बराच वेळ शांत होत्या, मग म्हणाल्या मी माझ्या आईसारखी दिसते हे कुणी सांगितलंच नाही मला कधी. यासाठी मी हे काम करते.

कोल्हापूर

माझं मत जरा वेगळं हाय. सगळे कँडिड कँडिड करत्यात, म्हणजे नकळत टिपलेले फोटो, नव्या पोरांना स्टेजवरचे ग्रुप फोटो म्हणजे कंटाळा. पण दहा वर्षांनी अल्बम उघडला की लोक काय बघत्यात? नवरीचं डोळे मिटून हसणं नाही, काका कुठं, आत्या कुठं, हा बारका कोण, तो आता इंजिनियर झाला, ह्यो गेला बिचारा. लग्न ही एकच जागा जिथं अख्खी भावकी एका दिवशी एका ठिकाणी येती, भांडणं असलेली सुद्धा. मी पंगत चालू असली तरी म्हाताऱ्यांना आधी घेतो, खुर्च्या टाकतो, मागं कुणाचा चेहरा झाकला तर हलवतो, वेळ लागला तरी चालंल. एका घरात दोन भाऊ बोलत नव्हते, मला ठाऊक नव्हतं, मी आपलं दोघांना आईच्या दोन्ही बाजूला उभं केलं आणि उभे राहिले की! तो फोटो म्हातारीनं देव्हाऱ्याशेजारी लावलाय. मी त्या घरी गेलो की चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत.

छत्रपती संभाजीनगर

एप्रिल 2021 चा नियम आठवतो ना, 25 माणसं आणि दोन तासांत लग्न आटपायचं. मी तेव्हा केलेली लग्नं घराच्या गच्चीवर नाहीतर अंगणात, अर्धे चेहरे मास्कमध्ये, म्हणून मी डोळ्यांवरच फोकस ठेवून शूट केलं. सगळं गणगोत दुसरीकडे अडकलेलं, त्यामुळे त्याच रात्री फोटो निवडून पाठवायचो. गावाकडून आजोबांचा फोन आला, पोरा तुझ्यामुळं अक्षता टाकल्यासारखं वाटलं. इतर कुठल्याच कामात मला असं कुणी बोललेलं नाही.

बारामती

वारीत पोर्ट्रेट करतो. बेलवाडीच्या गोल रिंगणाला सगळ्यांच्या लेन्स धावणाऱ्या अश्वावर असतात, मी रिंगणाच्या कडेला बसलेल्या माउलींकडे बघतो, अश्व गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात तेव्हाचे चेहरे. आणि एक नियम पाळतो, फोटो काढला की नाव, गाव, दिंडी नंबर लिहून घ्यायचा आणि प्रिंट पोस्टानं पाठवायची. मोबाईलवर पाठवलेला फोटो हरवतो, प्रिंट भिंतीवर जाते. आता वाटेत मलाच हाका मारतात, "फोटोवाले माउली, जेवून जा". परभणीकडच्या एका आजींनी पुढच्या वर्षी माझ्यासाठी घरच्या शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती.

चंद्रपूर जिल्हा

मी यात नवीन आहो, तुळशीच्या लग्नानंतर सीझन लागला की मोठ्या फोटोग्राफरसोबत जातो, आणि शाळांचे गॅदरिंगही करतो. झेडपीच्या शाळेत पोट्टे नाचतात आणि मायबाप बरेचदा मजुरीवर असतात, कापूस वेचणीचे दिवस, येता येत नाही. म्हणून मी हेडसरांना बोलून प्रत्येक पोराचा ड्रेसवर एक फोटो घेतो, 4 बाय 6 ची प्रिंट, अगदी खर्चाच्या भावात. एका पोरीचे बाबा ती प्रिंट खिशात घेऊन फिरत होते, बसस्टँडवर मला ओळखून थांबवलं आणि शेजारच्या माणसाले दाखवून राहिले, माझी पोरगी पाय, नऊवारीत. या कामाच्या पैशातूनच मी स्वतःचा पहिला फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेतला, सेकंडहँड, माय खूप खूश झाली. पुढच्या गॅदरिंगच्या आधी आणखी एक फ्लॅश घेणार आहो, मागच्या रांगेतले पोट्टे अंधारात राहतात, तेही आले पाहिजे.