बाशोचा बेडूक वसंतातला की पावसातला?

माझगावकर: काल इथे एकाने लिहिलं, "गझल आणि तो तीन ओळींचा जपानी हायकू हे उसने दागिने. अर्थ कळत नसतानाही माना डोलवणारे ढोंगी. आधी तुकोबा वाचा." ते फार लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय. नागपाड्याच्या एका दुकानात मी अकरा वर्षं हिशेब लिहिले. तिथल्या मुन्शीजींनी मला एकदा मुशायऱ्याला, म्हणजे उर्दू शायरांच्या मैफलीला नेलं. शायर गझलेतल्या दोन ओळींच्या शेराची पहिली ओळ म्हणतो, श्रोते ती उचलतात, तो पुन्हा म्हणतो. दुसरी ओळ रोखून धरलेली. काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, कुठला येणार, याचा अंदाज सगळी मैफल बांधत असते. निम्मे शब्द मला कळले नाहीत. पण कीर्तनात टाळकऱ्यांनी धृपद उचललं की येतो, तसाच काटा आला अंगावर. पुढे त्यांच्याकडूनच उर्दू लिपी शिकलो. यात ढोंग कुठे आलं?

दादर पश्चिम: ती पोस्ट माझी. काटा मैफलीमुळे आला, कवितेमुळे नाही. गझलेत एक शेर विरहाचा, दुसरा दारूचा, तिसरा देवाचा. धागा कुठाय?

लालबागची लेक: माझी आजी जात्यावर बसली की एक ओवी भावाची, पुढची विठोबाची, तिसरी सासूची. तिला कुणी धागा विचारला नाही. आणि उसनं म्हणाल, तर माधव ज्यूलियन फारसीचे प्राध्यापक होते, पूर्ण अभ्यास करून त्यांनी गझल मराठीत आणली. पुढे सुरेश भटांनी ती घराघरात नेली. अजून किती पिढ्या उसनी म्हणणार?

दादर पश्चिम: बरं, गझल सोडा. हायकूत आहे काय? सतरा अक्षरं मोजली की झाला कवी.

डोंबिवली फास्ट: अक्षरं नाहीत हो! जपानीत ध्वनी मोजतात. 'तोक्यो' आपल्याकडे दोन अक्षरं, तिथे चार ध्वनी, कारण दोन्ही 'ओ' दीर्घ. आपल्या मात्रा लावून बघा, चारच भरतात. हे माहीत नसलेल्या परीक्षकांनी एका स्पर्धेत माझा हायकू 'अक्षरं कमी' म्हणून बाद केला. सहा वर्षं झाली, अजून सलतंय.

दादर पश्चिम: अभंगात आपण सहा-सहा-सहा-चार अक्षरंच मोजतो. मराठीत लिहिता ना? मग मराठीचं माप घ्या.

डोंबिवली फास्ट: मात्रावृत्तं काय परदेशातून आली? तुम्हाला फक्त विरोध करायचाय.

दादर पश्चिम: आवाज खाली. चाळीस वर्षं वृत्तं शिकवलीत मी.

लालबागची लेक: मग मुलांना मापंच शिकवली असतील. आम्हालाही शाळेत गण पाडायला लावले. कविता कुणी मोठ्याने वाचूनसुद्धा दाखवली नाही.

दादर पश्चिम: हे मनाला लागलं. पण मूळ मुद्दा ऐका. जपानी कवी बाशोचा तो हायकू: जुनं तळं, बेडकाची उडी, पाण्याचा आवाज. जपानी परंपरेत बेडूक वसंताचा. तुम्हाला-मला बेडूक म्हटलं की मृगाचा पाऊस ऐकू येतो. म्हणजे तुम्ही वाचलात तो बाशो नव्हेच.

माझगावकर: बरोबर आहे. मीही पहिल्यांदा पाऊसच ऐकला. मग कळलं की बाशोच्या आधी बेडकाचा आवाज, त्याचं गाणं ऐकायची रीत होती. बाशोने ते सोडलं आणि उडीनंतरचा पाण्याचा आवाज ऐकवला. हे कळेपर्यंत ती तीन ओळींची कविता मला किरकोळ वाटायची. आणि त्यानंतरच मर्ढेकर पुन्हा उघडले. संतांच्या अभंगाचा छंद घेऊन हा माणूस या शहरातली घुसमट लिहितो, तेव्हा त्याने काय मोडलं ते मला तोवर दिसलंच नव्हतं. परक्या तळ्याकाठी बसल्यामुळे घरचं दिसलं. परकी कविता कळायला मेहनत लागतेच. पण ती करू पाहणाऱ्याला ढोंगी का म्हणता?

दादर पश्चिम: 'ढोंगी' शब्द मागे घेतो. बेडकाचंही मान्य. गझलेचं नाही. पुढच्या मुशायऱ्याची तारीख कळवा, स्वतः ऐकल्याशिवाय बोलणार नाही.

डोंबिवली फास्ट: आणि 'तोक्यो'च्या चार मात्रांचं काय? त्याचं उत्तर कुणीच दिलं नाही.