चार्ल्स ‘तिसरा’ म्हणजे तिसरी पिढी? कोण पसरवतंय हे?

बाळीवेसवाला: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी पोस्ट आली, की इंग्लंडचा राजा चार्ल्स तिसरा म्हणजे ओळीनं तिसरी पिढी, बघा इंग्रजांचा हिशोब कसा चोख, नाहीतर आपल्याकडं शिवाजी, संभाजी, शाहू किती झाले ह्याचा पत्ता नाही. खाली नुसते अंगठे. तिथं बोललो तर ॲडमिन काका काढून टाकतील म्हणून इथं लिहितोय. अरे, पहिल्या चार्ल्सचं मुंडकं 1649 ला उडवलं, दुसरा 1685 ला गेला, त्याला औरस पोर नाही म्हणून भाऊ जेम्स बसला, आणि त्यानंतर थेट 2022 पर्यंत ह्या नावाचा राजाच नाही. आकडा पिढीचा नसतो, त्या नावाचा कितवा राजा ह्याचा असतो. आणि चोख कसलं? 1066 ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकायच्या आधी तीन एडवर्ड राज्य करून गेले, तरी 1272 ला आलेला ‘पहिला’. आधीचे धरलेच नाहीत. मोजणी कुठनं धरायची ते ज्याची चलती असेल त्याच्या बाजूनं ठरतं, बास.

नवी पेठ: मालक, एवढं काय तापायचं. पोस्ट चुकली असेल, मुद्दा बरोबर हाय की. कोल्हापूरच्या यादीत संभाजी पहिले, तेच अख्ख्या भोसले घराण्याच्या यादीत संभाजी दुसरे. एका माणसाला दोन नंबर, पोरांनी परीक्षेत लिहायचं काय?

बाळीवेसवाला: मग पहिल्या चार्ल्सचा बाप जेम्स काय होता बे? स्कॉटलंडात सहावा, 1603 ला इंग्लंडच्या गादीवर बसला तर तिथं पहिला. आणि आत्ताच्या चार्ल्सची आई एलिझाबेथ दुसरी? स्कॉटलंडात पहिली एलिझाबेथ कधी झालीच नव्हती, तर ही दुसरी कुठनं आली म्हणून लोक पेटले, तिच्या आकड्याची पत्रपेटी 1953 ला एडिंबरात बॉम्बनं उडवली, कोर्टात केस झाली ती वेगळीच. मग चर्चिलनं तोडगा काढला, की इथून पुढं दोन्ही देशांच्या यादीत जो आकडा मोठा तो लावायचा. आधी भांडण, मग नियम. ह्याला चोख म्हणायचं असेल तर म्हणा.

किल्ल्याशेजारी: घरचं सोडून लंडनला कशाला जाताय? आदिलशाही बघा की. इब्राहिम पहिला, अली पहिला, इब्राहिम दुसरा. हा दुसरा इब्राहिम अलीचा मुलगा नाही, पुतण्या. आपला सोलापूरचा किल्ला ज्या लग्नात आंदण गेला ती चांदबीबी ह्या अलीची बायको, पुतण्या लहान असताना कारभार तिनं बघितला. सुलतानांच्या यादीत तिला नंबर आहे का? नाही.

होटगी रोडवाली: आत्ता कुठं कामाचं बोललात दादा. बाईनं राज्य चालवायचं आणि आकडा बाप्यानं घ्यायचा. इंग्लंडात तेच, चार्ल्सची बहीण ॲन 1950 ची, भाऊ अँड्र्यू 1960 चा, एडवर्ड 1964 चा, तरी दोघं भाऊ आणि त्यांची पोरंसुद्धा तिच्या पुढं. 2013 ला कायदा बदलला, की धाकटा भाऊ बहिणीच्या पुढं जाणार नाही, पण लागू कुणाला, तर 28 ऑक्टोबर 2011 नंतर जन्मलेल्यांना. चार्ल्सची नात शार्लट, तिला धाकट्या भावानं ओलांडलं नाही, ॲन होती तिथंच. स्वीडननं 1980 ला पाळण्यातल्या युवराजाकडनं मान काढून मोठ्या बहिणीला दिला, त्याला म्हणतात बदल.
आपल्याकडं पण तारखेचाच घोळ. 1994 ला महाराष्ट्रानं वडिलोपार्जितमध्ये मुलीला हिस्सा दिला, पण 22 जूनच्या आधी लग्न झालेलीला नाही. माझी मोठी बहीण 93 ला उजवली, माझं लग्न 95 ला. एका आईच्या दोघी, एक वारस, एक पाहुणी!

नवी पेठ: ताई, 2005 ला केंद्राच्या कायद्यानं ते मिटलं की. आणि हिस्सा मागताना आई-वडलांचं म्हातारपण कुणी काढलं ते पण सांगावं. माझ्या बहिणींनी हसत हक्कसोड दिलं. माहेर टिकवायचं असतं.

होटगी रोडवाली: हसत? मी बघितलंय हसणं. कचेरीतल्या बाकावर बहीण बसलेली, भावानं कागदावर आधीच पेन्सिलीनं फुल्या मारून आणलेल्या, इथं कर, इथं कर, वकील घड्याळ बघतोय. बाहेर आल्यावर साडी घेतली तिला. एकरांच्या बदल्यात इरकल! आणि म्हातारपण मीच काढलंय, शेवटची दोन वर्षं आई माझ्याकडं होती.

नवी पेठ: तुमच्या घरचं आमच्यावर कशाला काढताय? सगळे भाऊ तसले नसतात.

बाळीवेसवाला: धागा राजांच्या नंबरचा होता हो...

जुळे सोलापूर: नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतंय आणि लोकांना चार्ल्स कितवा ते पडलंय.

किल्ल्याशेजारी: तुमचं पाणी प्रत्येक धाग्यात येतं बघा, नळाला तेवढं येत नाही.

नवी पेठ: बरं बाबा, जेम्सचं मान्य, इंग्रज पण घोळच घालतात. खूश? पण ताईंनी सगळ्या भावांना एका ओळीत बसवलं ते मान्य नाही.

होटगी रोडवाली: मग एक करा, बहिणींना आज फोन लावून विचारा, तेव्हा हसत होत्या का. वहिनी शेजारी नसताना.

नवी पेठ: ॲडमिन, धागा बंद करा.