वर्गचर्चेत मुले एकाच शब्दात उत्तर देतात : किमान एका पूर्ण वाक्याचा नियम करावा का?

प्रश्न | सातवीचा वर्गशिक्षक

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला विज्ञान आणि भूगोल शिकवतो. वर्गात चर्चा घेतली की बहुतेक मुले ‘हो’, ‘नाही’, ‘पाऊस’, ‘माहीत नाही’ एवढे बोलून खाली बसतात, आणि ‘सर, माझंपण तेच’ हे उत्तर तर रोज ऐकू येते. सविस्तर बोलणारी मोजकीच मुले आहेत आणि चर्चा त्यांच्यातच फिरत राहते. एका सहकाऱ्याने सुचवले की, पूर्ण वाक्यात दिलेले उत्तरच ग्राह्य धरावे आणि आकारिक मूल्यमापनातील (वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनातील) ‘तोंडी काम’ या साधनाचे गुणही त्याच निकषावर द्यावेत. सातवीला आकारिक मूल्यमापनाचा भारांश 40 टक्के असल्यामुळे मुले हा नियम मनावर घेतील, हे मला पटते. परंतु जे मूल मोठ्या धीराने एक शब्द बोलते, ते तेवढेही बोलायचे सोडून देईल, अशी धास्ती वाटते. अनुभवी शिक्षकांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 | विज्ञान शिक्षिका, उच्च प्राथमिक

सर, असा नियम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उत्तर छोटे आहे म्हणजे विचारही तोकडा आहे, असे गृहीत धरून हा नियम केला जातो आणि ते गृहीतकच चुकीचे आहे.

माझ्या वर्गात ‘उन्हाळ्यात आपल्याकडच्या विहिरी का आटतात?’ या प्रश्नावर चर्चा चालू होती. बाष्पीभवन हे पाठातले उत्तर बहुतेकांनी दिले. मागच्या बाकावरचा एक मुलगा फक्त ‘बोअर’ म्हणाला. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. शेजारी खोल बोअर घेऊन उपसा सुरू केला की त्याच भेगांतले पाणी तिकडे ओढले जाऊ शकते. अरुंद, खोल विहिरीचे पाणी नुसत्या उन्हाने फारसे कमी होत नाही. म्हणजे त्या एका शब्दात बाकीच्यांच्या पूर्ण वाक्यांपेक्षा जास्त समज होती. ‘पूर्ण वाक्यात सांग’ असे मी म्हटले असते, तर त्याने ‘विहिरी बोअरमुळे आटतात’ एवढेच सांगितले असते. वाक्य पुरे झाले असते, पण माहितीत काहीच भर पडली नसती. त्याऐवजी ‘कोणाची बोअर?’ आणि ‘त्याआधी विहिरीला पाणी कधीपर्यंत पुरायचे?’ असे विचारल्यावर त्याने सांगितले की, चुलत्यांनी वरच्या अंगाला बोअर घेतल्यापासून त्यांच्या विहिरीवरची मोटार होळीच्या आतच हवा ओढू लागते. पुढची सगळी चर्चा त्यावरच झाली आणि एरवी गप्प बसणारी मुले आपापल्या विहिरींची हकिकत सांगू लागली.

दुसरी गोष्ट थांबण्याची. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासून 1970च्या दशकात दाखवून दिले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि मुलाने उत्तर दिल्यावरही तितक्याच घाईने बोलू लागतात. हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून अधिक वाढवले तेव्हा उत्तरांची लांबी वाढली, न विचारता बोलणाऱ्या मुलांची संख्या वाढली आणि गप्प राहण्याचे प्रमाण घटले. यातला उत्तरानंतरचा विराम आपण विशेष करून विसरतो. मूल ‘ऊन’ म्हणते आणि आपण लगेच ‘शाब्बास, उन्हामुळे पाण्याची वाफ होते’ असे म्हणून त्याचे वाक्य स्वतःच पुरे करतो. मग पुढच्या वेळी त्याने ते का पुरे करावे? आपला एखादा तास मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐका. एका शब्दाच्या किती उत्तरांनंतर आपण लगेच बोललो, हे त्यात ऐकू येईल.

उत्तर 2 | मेळघाटातील शिक्षक

बाईंनी मांडलेल्या मुद्द्याला आमच्याकडे आणखी एक बाजू आहे. माझ्या वर्गातील बहुतेक मुलांची घरची भाषा कोरकू आहे. ती मुंडा गटातील भाषा असून मराठीशी तिचे कूळही जुळत नाही. अशा मुलाचा एक मराठी शब्द हा बराच विचार करून निवडलेला शब्द असतो, आणि त्याला पूर्ण वाक्याची अट घालणे म्हणजे विज्ञानाच्या तासाला मराठी व्याकरणाची परीक्षा घेणे होय. मी प्रश्न फळ्यावर लिहितो, आधी एकट्याने विचार करायला सांगतो, मग शेजाऱ्याशी कोरकूतच बोलू देतो, आणि त्यानंतर जोडीतील कोणीही एकाने वर्गाला मराठीत सांगावे असे म्हणतो. ‘विचार करा, जोडीत बोला, सर्वांना सांगा’ ही रीत फ्रँक लायमन यांनी 1981 मध्ये मांडली होती. आमच्या मुलांना तिचा विशेष उपयोग होतो, कारण मराठीत सांगण्यापूर्वी उत्तर त्यांच्या तोंडून एकदा येऊन गेलेले असते. मुलाला भीतीपासून मुक्त ठेवून मोकळेपणाने मत मांडण्यास मदत करावी, असे शिक्षण हक्क कायदा, 2009 मधील कलम 29 सांगते. गुण कापण्याचा नियम त्याच्याशी कसा जुळेल, हेही पाहावे.

उत्तर 3 | मराठी शिक्षक, माध्यमिक

मी थोडा वेगळा विचार मांडतो. लेखी कामात पूर्ण वाक्याचा आग्रह असलाच पाहिजे. दहावीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ लिहिताना अडखळणारी मुले मी दरवर्षी पाहतो, आणि ती सवय खालच्या वर्गांतच लागावी लागते. मात्र तोंडी चर्चेत गुणांची अट नको, याबाबत मी वरील दोघांशी सहमत आहे. शिवाय ‘गाळलेल्या जागा भरा’, ‘एका शब्दात उत्तर लिहा’, ‘जोड्या लावा’ असे प्रश्न वर्षानुवर्षे सोडवत आलेल्या मुलांना छोटे उत्तर हेच बरोबर उत्तर वाटते, यात त्यांचा दोष नाही. ‘पाऊस कोठून येतो?’ असे विचारले तर ‘ढगातून’ हे उत्तर पुरेसेच आहे. ‘ढग असूनही काही दिवशी पाऊस का पडत नाही?’ असे विचारले, तर एका शब्दात भागत नाही.

पुन्हा | सातवीचा वर्गशिक्षक

सर्वांचे मनापासून आभार. गुणांचा नियम मी करणार नाही. एक अडचण मात्र उरते. ‘माझंपण तेच’ असे म्हणणाऱ्या मुलाला खरोखर तेच वाटते की तो सुटका करून घेतो, हे कसे ओळखावे, आणि त्याला सर्वांसमोर अवघडल्यासारखे न होऊ देता पुढे कसे न्यावे?

उत्तर 4 | विज्ञान शिक्षिका, उच्च प्राथमिक

‘तेच’ हे उत्तर स्वीकारावे आणि ‘तिच्या बोलण्यातले कोणते तुला पटले?’ एवढेच विचारावे. ज्याने ऐकले आहे तो एखादा भाग तरी सांगतो. ज्याने ऐकलेले नसते त्याला न रागावता ‘तिला पुन्हा सांगायला सांग’ असे म्हणावे, म्हणजे त्याची सुटकाही होत नाही आणि अपमानही होत नाही. कधी कधी मी आधी प्रत्येकाला पाटीवर किंवा वहीच्या मागच्या पानावर एक शब्द लिहायला सांगते आणि मगच चर्चा सुरू करते. सगळ्यांचे शब्द आधीच लिहिलेले असले की ‘तेच’ म्हणायला जागा उरत नाही, आणि छोटे उत्तर देणाऱ्यालाही संकोच वाटत नाही, कारण त्या वेळी सर्वांचेच उत्तर एका शब्दाचे असते. त्यानंतर एकमेकांशी न जुळणारे दोन शब्द फळ्यावर लिहून त्या दोन मुलांना आधी बोलू द्यावे.

‘तोंडी काम’ची नोंद करताना उत्तराची लांबी न लिहिता मुलाने काय जोडले ते लिहावे. त्या दिवशी माझ्या वहीतील नोंद अशी होती : ‘विहिरीच्या पाण्याचा संबंध शेजारच्या उपशाशी स्वतःहून लावला, विचारल्यावर घरचे उदाहरण दिले.’ गुण त्या नोंदीवरूनच दिले.