प्रतिसाद: १ युरोची जर्मन कंपनी
जर्मनीत १ युरो भांडवलावर यूजी कंपनी (कमी भांडवलात निघणारी छोटी मर्यादित दायित्वाची कंपनी) काढण्याचा सल्ला दिला जातो. कायद्याने ते चालतं, पण कृपया तसं करू नका. पहिलं बिल आलं की देणं मालमत्तेपेक्षा जास्त होतं, आणि दिवाळखोरीचा अर्ज करण्याची जबाबदारी संचालकावर येऊ शकते. शिवाय भांडवल २५,००० युरो होईपर्यंत दरवर्षी नफ्याचा चौथा हिस्सा राखून ठेवावाच लागतो. झेपत असेल तर सरळ जीएमबीएच, म्हणजे तिथली नेहमीची मर्यादित दायित्वाची कंपनी, काढा. तिला लागणाऱ्या २५,००० युरो भांडवलापैकी निम्मे भरले तरी नोंदणी होते.

खरी रखडपट्टी बँकेत होते. नोटरीसमोर सह्या झाल्यावर कंपनीचं खातं उघडायचं, त्यात भांडवल भरायचं, मगच कागद कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या न्यायालयात जातात. म्हणून बँकेशी बोलणी आधीच सुरू करा. जर्मन येत नसेल तर नोटरीकडे दुभाषाही लागू शकतो.